ठमाबाईची जिती कोळंबी

सासूबद्दल चांगलं बोलणारा जावई आमच्या भिवंडी तालुक्यात शोधायला निघालात तर चपला झिजतील. पण एक मिळेल. कशेळीच्या अलीकडं खाडीला लागून एक पाडा होता, तिथला दामू. त्याला नुसतं विचारायचा अवकाश, "काय दामू, सासू कशी होती रे तुझी?" की हातातली बांबूची कामटी खाली ठेवून गडी असा काही सुरू व्हायचा, की विचारणाऱ्याची एसटी चुकायची. आणि गंमत बघा, त्या सासूनं, म्हणजे ठमाबाईनं, पहिली दोन वर्षं या जावयाशी समोरासमोर एक शब्दसुद्धा काढला नव्हता.

त्यात भांडण नव्हतं हो. बाई जुन्या वळणाची. जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याला नावानं हाक मारायची नाही, आणि त्याच्यावर तोंड टाकायचं तर नावच नको. जावई म्हणजे देव! पण आता देवालाच खाडीतलं ओ की ठो कळत नसेल, तर बाईनं करायचं काय?

दामू होता पडघ्याकडचा, डोंगराच्या पायथ्याच्या गावातला. भाताची वावरं, पावसाळ्यात भरून वाहणारा ओढा, गोड्या पाण्याच्या विहिरी, यातच वाढलेला. भावांत सगळ्यांत धाकटा. मिसरूड फुटल्यावर भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, सुताची कांडी भरायला लागला. दिवसपाळी असो नाहीतर रातपाळी, कानात खटाखट आणि नाकात कापूस. खोकून खोकून छातीचा पिंजरा झाला होता. तेवढ्यात नात्यातून काशीचं स्थळ आलं. ठमाबाईची ही एकुलती एक लेक. ठमाबाईचा नवरा सावळाराम तापानं गेलेला, घरात दुसरा पुरुषमाणूस नाही, तेव्हा जावयानं इथंच राहायचं अशी बोली. जात एक, देव एक, तांदळाची भाकरी एक. पाणी तेवढं वेगळं. दामूकडचं गोडं, इथलं खारं. घरजावई म्हणून लोक हसतील हे त्याला ठाऊक होतं. पण लूमच्या खटाखटीतून सुटायचं होतं, आणि खरं सांगायचं तर काशी आवडली होती. आला.

ठमाबाईचा धंदा जित्या कोळंबीचा. खाण्याच्या नव्हे, गळाला लावण्याच्या. खाडीत जिताडा नावाचा मासा असतो, चवीला राजा आणि मिजाशीत बादशहा. मेलेल्या आमिषाकडं तो ढुंकून बघत नाही. गळावरची कोळंबी पाण्यात पाय मारत असली, मिशा हलवत असली, तरच स्वारी तोंड उघडणार. म्हणून गळ टाकणारे सगळे शौकीन, भिवंडीचे लूमवाले शेठ म्हणा, ठाण्याचे वकील म्हणा, आधी या पाड्यावर यायचे, आणि पाड्यावर आले की ठमाबाईच्या दारात. कारण तिच्या मडक्यातून काढलेली कोळंबी गळावर चढली तरी ताजी तडफदार असायची. पाड्यावर इतरही घरं हाच धंदा करत, पण पाड्याचं नाव झालं होतं ते तिच्या हातामुळं.

कोळंबी धरायची ती खोईन लावून. बांबूच्या कामट्यांचा विणलेला लांबट पिंजरा, तोंडाशी रुंद, शेपटीकडं निमुळता. आत घशासारखी आणखी एक वीण, तिच्या काड्यांची टोकं आतल्या अंगाला वळवलेली. कोळंबी आत शिरते ती सुखानं, परत फिरली की टोकं आडवी येतात. तिवरांच्या झाडीतून ज्या चिंचोळ्या वाटांनी ओहोटीचं पाणी खाडीत उतरतं, तिथं चिखलात खुंट ठोकून खोईन बांधायची, आत भाजलेल्या कोंड्याचे गोळे टाकायचे. धरणं तसं कुणालाही जमेल हो. खरी कसोटी पुढं. धरलेली कोळंबी गिऱ्हाईक येईपर्यंत जिवंत ठेवायची. मडकं सावलीत, पाणी खाडीचंच, वर ओल्या तिवराचा पाला, आणि जरा जरा वेळानं करवंटीनं पाणी उचलून उंचावरून पुन्हा मडक्यात सोडायचं, म्हणजे पाण्यात वारा मिसळतो. ठमाबाई हे काम बोलता बोलता, भाकऱ्या भाजता भाजता करायची. मडक्याकडं बघायचीसुद्धा नाही.

आता हे सगळं जावयाला शिकवायचं कसं? बाईनं युक्ती काढली. दारात एक पांढरी कोंबडी होती, तिला शिकवायचं.

दामूनं पहिल्यांदा खोईन लावली ती गावाकडच्या सवयीनं. ओढ्यात पावसाळ्यात मासा प्रवाहाच्या उलट वर चढतो, म्हणून पिंजऱ्याचं तोंड उताराकडं ठेवायचं असतं. त्यानं तेच केलं, खोईनीचं तोंड दर्याकडं. ओहोटीला सगळी कोळंबी पिंजऱ्याच्या पाठीवरून हात हलवत निघून गेली. दामू रिकामी खोईन घेऊन दारात आला, तर ठमाबाई अंगणात कोंबडीसमोर कमरेवर हात ठेवून उभी.

"अगं ए अवदसे! खोईनीचं तोंड दर्याकडं करून कोन लावतं गं? तुझ्या डोंगरातल्या वढ्यात पानी एकाच बाजूनं वाहतं. हितं येतं पन आन जातं पन. जाताना ते कोलंबी घेऊन जातं, तवा तोंड जमिनीकडं पायजे. येवढी अक्कल न्हाय आन दाने मात्र मूठभर पायजेत!"

कोंबडी एका पायावर उभी राहून ऐकत होती. दामू गुपचूप मागं फिरला आणि खोईन वळवून लावून आला. काशी चुलीपाशी तोंडात पदर कोंबून हसत होती. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, इथं लेकीच्या जागी कोंबडी. भरती, ओहोटी, उधाणाचं चढतं पाणी, भांगाचं मंद पाणी, कुठल्या चिखलात पाय रुततो, कुठल्या तिवराखाली चिखलातल्या निवट्या मासळीच्या उड्या चालतात, सगळं दामू असा कोंबडीच्या शेजारी बसून शिकला. रात्री काशी विचारायची, "आज कोंबडीचा धडा कुठवर आला?" तो म्हणायचा, "कोंबडी हुशार हाय. मीच जरा ढ हाय."

हसण्यावारी नेत होता, पण मनातून त्याला बाईचं फार वाटायचं. सख्ख्या भावांनी त्याला कधी इतकं जीव लावून काही शिकवलं नव्हतं. छातीतला खोकला खाडीच्या वाऱ्यानं कुठल्या कुठं गेला. ताटात गरम भाकरी आणि माशाचा मधला तुकडा त्याचा. डोक्याकडचा काटेरी भाग बाई स्वतः घ्यायची आणि वर कोंबडीला सांगायची, "मना डोकंच आवडतं बाय."

ठमाबाईची खोईन लागायची ती वाकणावर. खाडीला तिथं बाक आहे, अख्ख्या तिवराचं पाणी तिथून उतरतं, पाड्यावरची सगळ्यांत चांगली जागा. आणि जागांचा पाड्यावर एक रिवाज होता. जागा कुणाच्या बापाची नाही, हाताची. ज्याच्या हातात कोळंबी जिती राहते त्याची जागा. दर साली नारळी पौर्णिमेला गावदेवीपुढं बसून जागा वाटायच्या, आणि ज्याच्या घरी गिऱ्हाइकापुढं मेलेली कोळंबी आली असेल त्यानं गुपचूप मागं सरायचं. कारण एका घराची कोळंबी मेली की नाव बुडतं ते पाड्याचं, आणि मग ठाण्या-भिवंडीचे शेठ दुसऱ्या गावाची वाट धरतात. सावळाराम गेल्यावर वाकणावरची जागा विधवेला ठेवायची का, यावर कुजबुज झाली होती. पण ठमाबाईच्या हाताला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. जागा तिच्याकडं राहिली होती ती तिच्या हातावर. नवऱ्याच्या नावाचा त्यात काही संबंध नव्हता.

आणीबाणी उठली त्या सालचा वैशाख. ठमाबाईचे गुडघे सुजले होते. भिंतीला धरूनसुद्धा उठवत नव्हतं. नेमका शुक्रवार. शुक्रवारी लूमला सुट्टी, आणि शुक्रवार म्हणजे सत्तारशेठचा वार. सत्तारशेठ भिवंडीचे जुने कोकणी मुसलमान, लूमचे मालक, पण गळाचं इतकं वेड की जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपलं की जुनी फियाट काढून थेट ठमाबाईच्या दारात. त्या शुक्रवारी तर कुवेतहून आलेला मेव्हणा सोबत येणार होता. आधल्या दिवशीच निरोप आला होता, "मावशीला सांग, कोळंबी अशी पाहिजे की मेव्हणा कुवेतपर्यंत नाव काढेल."

दामू सकाळच्या ओहोटीला एकटाच वाकणावर गेला. माल आणून राखायचंही काम एकट्यावर, असं पहिल्यांदाच. खोईन वर काढली तर जड! आत कोळंबीच कोळंबी, काचेसारखी पारदर्शक, टणाटण उड्या मारणारी. गुडघाभर चिखलातून मडकं छातीशी धरून तो घरी आला तेव्हा त्याचे पाय जमिनीवर नव्हते. काशी बाजाराला गेलेली. सासू आत पडलेली. त्यानं मडकं सावलीत ठेवलं, पाला झाकला, करवंटीनं पाणी सोडलं. सगळं कोंबडीला शिकवल्याबरहुकूम.

मग त्यानं मडक्यात डोकावून बघितलं. पाणी गढूळ, चिखलणी केलेल्या वावरातल्यासारखं. त्याला लाज वाटली. कुवेतचा पाहुणा येणार, आणि त्याला हे असलं घाण पाणी दाखवायचं? आपल्या गावी पाहुणा आला तर आपण तांब्या घासून गार पाणी देतो. सासूबाईंच्या घराला काय नाव ठेवील तो? पाड्यावर गोड्या पाण्याची विहीर एकच, तीही लांब, शेतांच्या पलीकडं. दामूनं हंडा उचलला, वैशाखाच्या उन्हात तिथवर गेला, काचेसारखं नितळ पाणी शेंदलं, आणि घामानं थबथबत परत आला. गढूळ पाणी सगळं निथळून ओतून दिलं. मडकं धुतलं. वर हंडाभर गोडं पाणी ओतलं.

कोळंबी एकदम उसळल्या. अशा उसळल्या की दोन-चार मडक्याबाहेर पडल्या. दामू हरखून गेला. "बघ कशा नाचतायत! जन्मात गोडं पानी बघितलं नसेल बिचाऱ्यांनी." बाहेर पडलेल्या त्यानं अलगद उचलून परत आत टाकल्या.

थोड्या वेळानं नाच थांबला. मग एकेक कोळंबी कुशीवर कलली. पाय हलायचे बंद झाले. काचेसारखं अंग चुन्यासारखं पांढरं पडत चाललं. दामूनं करवंटीनं पाणी सोडायचा सपाटा लावला. जितकं सोडावं तितक्या लवकर त्या पांढऱ्या होत होत्या. करायला गेला गणपती आणि झाला मारुती म्हणतात ते हेच.

खडबड ऐकून ठमाबाई भिंत धरत धरत बाहेर आली. मडक्यात बघितलं. एक बोट बुडवून जिभेला लावलं. झालं, तिला सगळं कळलं. तिनं दामूकडं बघितलं. दामूचा चेहरा त्या कोळंबीपेक्षा पांढरा. तेवढ्यात बाहेर फियाटचा हॉर्न वाजला.

सत्तारशेठ हसत हसत अंगणात आले, मागं कडक इस्त्रीतला मेव्हणा. "मावशी, सलाम! काढ तुझा माल, आज जिताड्याची खैर नाही." आणि मडक्यात वाकून बघतात तर काय! "मावशी, ये क्या? सगळी मेलेली?"

दामूनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी ठमाबाई कोंबडीवर कडाडली, "ए भवाने! चोच मिट!" कोंबडी बिचारी दाणे टिपत होती. दामूचं तोंड मिटलं.

"शेट, माझाच हात चुकला," ठमाबाई म्हणाली. "गुडघ्याच्या कळंनं डोळ्याम्होरं अंधारी आली. खाडीचं पानी समजून गोड्याचा हंडा वतला मी."

"तू? तुझ्या हातून?" सत्तारशेठना पटेना. मेव्हणा हसून म्हणाला, "भाईजान, यही वो मशहूर मौसी है क्या?" ठमाबाईची मान खाली गेली. ही बाई, जिनं उभ्या आयुष्यात कुणाचं एक ऐकून घेतलं नव्हतं, ती त्या परक्या माणसाचं हसणं मुकाट गिळत उभी राहिली. सत्तारशेठनीच मेव्हण्याला गप्प केलं. "असू दे मावशी. तबियत सांभाळ. अल्ला तुझ्या गुडघ्यांना आराम देवो." आणि रिकाम्या हातांनी गेले.

गाडी गेल्यावर दामू तसाच उभा. त्याला सासूच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं आणि जमिनीनं गिळावं असंही वाटत होतं. ठमाबाईनं मेलेली कोळंबी सुपात काढली, चुलीकडं वळली आणि कोंबडीला म्हणाली, "चला, आज खायाला भरपूर झाली." बस. पुन्हा त्या गोष्टीचा उच्चार नाही.

दामूनं बाजारातून आलेल्या काशीला सगळं सांगितलं. काशी कपाळाला हात लावून हसली आणि मग गंभीर झाली. "आयनं झाकलंय ना? मंग तुमी उघडू नका. तुमाला लोक आधीच घरजावय घरजावय म्हनतात. हे कळलं तर पानवठ्यावर बायका मना जगू द्यायच्या न्हाईत."

दामू गप्प बसला. पण बोलाचालीला पाय असतात. सत्तारशेठनी कळवळूनच कुणाकडं तरी म्हटलं असेल, बिचाऱ्या मावशीचा आता हात राहिला नाही म्हणून. ते लूमवाल्याकडून ट्रकवाल्याकडं, ट्रकवाल्याकडून कशेळीच्या नाक्यावर, आणि नाक्यावरून पाड्यावर येईस्तोवर त्याचं झालं, 'ठमी चळली.' गिऱ्हाइकं दुसऱ्या दारात डोकवायला लागली. ठमाबाई ओट्यावर बसून खोइनी विणत असायची आणि गाड्या समोरून पुढं जायच्या. ती मान वर करायची नाही. दामूच्या घशाखाली माशाचा मधला तुकडा उतरेनासा झाला.

नारळी पौर्णिमा आली. दुपारी भरती काठोकाठ, खाडीला नारळ वाहून झाला, आणि सगळा पाडा गावदेवीपुढं बसला. मध्यभागी चांगदेव, पाड्यातला जुना जाणता. त्याचा शब्द मोडायची पद्धत नव्हती. एका अंगाला अनंता, सावळारामाचा पुतण्या, स्वभावानं वाईट नाही, हात चांगला, आणि वाकणावरच्या जागेवर बरीच वर्षं डोळा असलेला. रिवाजानं हक्कही त्याचाच होता, उगीच खोटं कशाला बोला.

चांगदेवनं खाकरून सुरुवात केली. "ठमावैनी, तुमच्या हाताला आमी कवा नाव ठेवलं न्हाय. पन वैशाखात शेटपुढं तुमच्या मडक्यात कोलंबी मेलेली निघाली, आन तुमी सोता कबूल झालात. गोडं पानी वतलंत म्हनं. पाड्याचं नाव गेलं. आता वाकनाची जागा अनंताला देऊ. पुतन्याच हाय तुमचा, परका न्हाय."

सगळे ठमाबाईकडं बघायला लागले. आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार आणि चांगदेवची काही खैर नाही, असं प्रत्येकाला वाटत होतं. पण ठमाबाईनं नुसती मान हलवली. "द्या," म्हणाली.

बायकांच्या घोळक्यात काशीनं डोळ्यांना पदर लावला. मागं बसलेला दामू सासूकडं बघत होता. नवऱ्यामागं ज्या जागेवर ही बाई जगली, लेकीला जगवलं, लेकीच्या नवऱ्याला पोसलं, ती जागा ती 'द्या' म्हणून मोकळी झाली. कशासाठी? तर चार लोकांत आपल्या जावयाचं हसू होऊ नये म्हणून! काशी मान हलवून त्याला 'नको, नको' करत होती. तो उठला.

"पानी मी वतलं," दामू म्हणाला. "सासूबाईंनी न्हाय. त्या आत पडल्या व्हत्या. मी गोडं पानी आनलं, मी वतलं."

"खोटं बोलतो तो!" ठमाबाई ओरडली. गुडघे विसरून ताडकन उभी राहिली. "मना वाचवाया खोटं बोलतो! बस खाली, दाम्या!"

अख्खा पाडा आ वासून बघत राहिला. सासूनं जावयाला नावानं हाक मारली, तीही अरे-तुरेनं, तीही गावदेवीपुढं! डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, तिचं तिलाच भान नव्हतं.

"मी न्हाय बसनार," दामू म्हणाला.

"बस म्हनते ना! चांगदेव भावजी, मीच वतलं. लिवून घ्या."

"मी वतलं!"

"मेल्या, तुला हंडा तरी उचलता येतो का?"

लोक हसायला लागले. चांगदेवनं हात वर केला. "गप ऱ्हावा. पाड्यावर चुकीवरून भांडनं लई बघितली, पन चूक माझीच म्हनून भांडनारी आजच बघतोय. दामू, तू वतलंस ना? मंग सांग, गोडं पानी वतल्यावर कोलंबीनं काय केलं?"

दामूनं मान खाली घातली. "नाचल्या," तो हळूच म्हणाला. "अशा नाचल्या का उड्या मारून भाईर आल्या. मना वाटलं, गोडं पानी मिळालं म्हनून खूश झाल्या. मी उचलून परत आत टाकल्या."

मग जो काय हशा फुटला! म्हातारे मांड्या थोपटायला लागले, बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. कुणीतरी ओरडलं, "आरं, त्या जीव वाचवाया भाईर पलत व्हत्या!" चांगदेवच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला हे खोटंसुद्धा सुचलं नसतं. कोळंबी खूश झाली असं वाटायला पडघ्याच्या डोंगरातच जन्म घ्यावा लागतो.

"वैनी," चांगदेव डोळे पुसत म्हणाला, "आता तुमी कितीबी शपता घ्या. पानी ह्यानंच वतलं. तुमच्या हाताला डाग न्हाय."

दामू घामाघूम उभा होता. हशा त्याच्या कानांत लूमसारखा वाजत होता, पण छातीवरचा दगड उतरला होता. तेवढ्यात अनंता उठला. "काकूचा हात चोख हाय, मान्य. पन काकूचे गुडघे गेले. चिखलात उतरनार कोन? हा? उद्या हा कोलंबीला दूधसाखर पाजील. जागा वाऱ्यावर सोडायची का?"

आता हसलं कुणी नाही, कारण बोलणं रास्त होतं. दामूलाही ते रास्तच वाटलं. चांगदेवनं ठमाबाईकडं बघितलं. "वैनी, तुमीच सांगा. कुनाच्या हातात द्यायची?"

ठमाबाईनं पदर सावरला. सावकाश बोलली, पण शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी.

"ह्याच्या. अनंता, तुझा हात चांगला हाय रं, मी न्हाय म्हनत न्हाय. पन कोलंबी कधी ना कधी समद्यांच्या हातात मरते. माझ्याबी मेली, चांगदेव भावजींच्याबी मेली. मेलेली वरच्या पाल्याखाली ढकलून शेटला कोन कोन देतं, ते मी सांगू का हितं?" काही माना खाली गेल्या. "ह्याला कुनी विचारलं नव्हतं. गप बसला असता तर कुनाला कळलं नसतं. आपल्या चुकीपायी जागा जातीय, लोक हसतायत, तरी उभा ऱ्हायला. हा मानूस गिऱ्हाइकाला मेलेली कोलंबी जिती म्हनून द्यायचा न्हाय. बाकी पानी खारं का गोडं, ते मी शिकवीन. शिकलाबी हाय निम्मं. आन ऐका, काशीचा नवरा म्हनून न्हाय मागत मी. माझा मानूस म्हनून मागते."

दामूला पुढचं दिसेना. डोळे भरून आले होते, आणि तो सगळ्यांदेखत हमसून हमसून रडला, लाज न बाळगता. चांगदेवनं अनंताकडं बघितलं. अनंता मान खाजवत म्हणाला, "एक वरीस बघू. वर्सात मेलेली निघाली तर?"

"तर मी सोता खोईन उपटून तुझ्या दारात आनून ठेवीन," ठमाबाई म्हणाली.

"मंग ऱ्हाऊ दे. तुमी दारात आलात तर निम्मा दिवस बोलनी खावी लागतील." पुन्हा हशा झाला, पण तो वेगळा होता.

घरी जाताना बांधावरून ठमाबाई पुढं, दामूच्या खांद्यावर हात ठेवून लंगडत, आणि तोंड सुरू. आता मध्ये कोंबडी नव्हती. दोन वर्षांचं साठलेलं सगळं तिनं त्याच्या पदरात घातलं. खोईन दर्याकडं लावली होतीस ते, खुंट वाकडे ठोकतोस ते, पाला सुकू देतोस ते, गोडं पाणी तर सोडाच. "मी येवढं झाकलं आन तू चार लोकांत उघडं पाडलंस, गाढवा!" दामू 'हो आय, हो आय' करत ऐकत होता. इतकं गोड कुणी त्याला आजवर बोललं नव्हतं. काशी मागून येत होती, तिला हसावं की रडावं कळेना.

घराच्या वळणावर तो थांबला आणि खाली वाकला.

ठमाबाई झटकन मागं सरली. "आरं, हे काय! जावयानं सासूच्या पाया पडायचं नसतं. पाप लागंल मना."

"जावय न्हाय पडत," दामू म्हणाला. "तुमचा मानूस पडतोय. तुमीच म्हनालात ना देवीपुढं?"

ठमाबाईनं पाय पुढं केले, पदर डोळ्यांना लावला आणि त्याच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली.

"पड मंग. लवकर पड आन ऊठ. ओहोटी लागलीय, वाकनावर खुंट कोन ठोकनार, तुझा बाप?"